कर्नलच्या सपोर्टला पैसे मोजताना आपण नक्की काय विकत घेतो?

वारणाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, सल्ला हवाय. मी एका नागरी सहकारी बँकेच्या आयटीत आहे, माणसं मोजकीच आणि सर्व्हर बहुतेक सगळे सेंटओएस ७ वर (रेड हॅटच्या पैसेवाल्या लिनक्सची फुकट नक्कल). त्याचे अपडेट ३० जून २०२४ ला संपले, आम्ही तेव्हापासून वर लिहून देतोय, पण "चाललंय ना, मग हात कशाला लावायचा" म्हणत दिवस ढकलले गेले. आता ऑडिटरनं शेरा मारलाय की कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, व्हेंडर सपोर्ट नाही, आणि त्याच सुमारास डे-एंड चालू असताना डेटाबेसचा सर्व्हर पॅनिक होऊन (म्हणजे कर्नलच बंद पडून) पडला. हार्डवेअरवाल्यांना फोन केला तर म्हणाले आमचे लॉग क्लीन आहेत, ओएसवाल्यांना विचारा. आता ओएसवाले म्हणजे आमच्याकडं कोण? कुणीच नाही. डेटाबेसवाल्यांनी पहिल्याच मेलला विचारलं की ही ओएस आमच्या सर्टिफाइड यादीत आहे का, झालं, तिथंच गाडी अडली.

सबस्क्रिप्शनची कोटेशनं मागवलीत. संचालक मंडळात प्रश्न आला की लिनक्स फुकट असतं ना, मग दरवर्षी हे पैसे कशाचे? प्रश्न रास्त आहे, आणि मला त्याचं खरं उत्तर द्यायचंय, सेल्सवाल्याची पीपीटी वाचून दाखवायची नाहीये. ज्यांनी कर्नलच्या केसेस आतून बघितल्यात त्यांनी जरा सविस्तर लिहा, आमच्यासारख्या ठिकाणी बसलेले बरेच जण वाचतायत.

मगरपट्टा_नाइटशिफ्ट

वारणाकाठ, मी पुण्यात एका एंटरप्राइझ लिनक्स कंपनीच्या सपोर्टमध्ये, कर्नल टीममध्येच, बरीच वर्षं काढलीत. तेव्हा आतली पद्धत सांगतो म्हणजे पैसे कुठे जातात ते कळेल.

तुम्ही केस उघडली की पहिल्या फळीतला माणूस एसओएस रिपोर्ट मागतो, म्हणजे कॉन्फिग, लॉग, पॅकेजेसची यादी असं सगळं एका गठ्ठ्यात. निम्म्याहून जास्त केसेस तिथेच सुटतात कारण हाच पॅनिक आधी दुसऱ्या कुणाला तरी येऊन गेलेला असतो आणि त्याची नोंद नॉलेजबेसमध्ये असते. सुटली नाही तर ती आमच्याकडे यायची आणि आम्ही व्हीएमकोअर मागायचो. व्हीएमकोअर म्हणजे मशीन पडलं त्या क्षणाची मेमरी, फाइलमध्ये उतरवलेली. ती क्रॅश नावाच्या टूलमध्ये त्याच कर्नलच्या डीबगइन्फोबरोबर (कोडमधल्या नावांचा नकाशा) उघडायची, बॅकट्रेस काढायचा, कुठल्या फंक्शनमध्ये पडलं ते बघायचं, मग डिसअसेंब्ली समोर ठेवून रजिस्टरमधली किंमत कुठून आली ते एकेक पायरी मागे जात शोधायचं. हा पॉइंटर नल कसा झाला, हे लॉक कुणी धरून ठेवलंय, ज्या टास्कनं धरलंय तो स्वतः कशाची वाट बघतोय... कधी दोन तासात उलगडतं, कधी महिना जातो. त्यापुढे पॅच कर्नल इंजिनिअरिंगवाले करतात, तो आधी अपस्ट्रीमला, म्हणजे मूळ लिनक्स कर्नलमध्ये, गेलेला आहे का बघतात, नसेल तर पाठवतात, मग तुमच्या कर्नलमध्ये बॅकपोर्ट (नव्या कर्नलमधली दुरुस्ती जुन्यात आणणं), टेस्ट, आणि मग एरॅटा, म्हणजे दुरुस्त पॅकेज. तुम्ही पैसे मोजता ते या साखळीचे. बायनरी फुकट मिळते हे खरंच आहे, पण तुमचा कोअर वाचणारा माणूस आणि त्यानं काढलेला पॅच तुमच्याच कर्नलपर्यंत आणून सोडणारा माणूस फुकट मिळत नाही.

दोन गोष्टी मात्र कोटेशनवर सही करायच्या आधी डोक्यात पक्क्या करा. प्रीमियमला सेव्हरिटी वनसाठी एक तास असं जे लिहिलेलं असतं ते उत्तर द्यायचं वचन आहे, दुरुस्तीचं नाही. एका तासात माणूस फोनवर येईल, पॅच येणार नाही. संचालकांना हे आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर पहिल्या घटनेलाच "पैसे भरूनही काही झालं नाही" असं होतं. आणि दुसरं म्हणजे व्हीएमकोअर नसेल तर आमच्यासारख्याला काहीच करता येत नाही, अंदाजच बांधत बसावं लागतं. मशीन रिबूट झालं, सगळं पूर्ववत झालं आणि मग केस उघडली, "का पडलं ते सांगा", पुरावा शून्य. असल्या केसेस फार यायच्या हो, आणि समोरच्याची तळमळ खरी असायची, पण हातात काहीच नसायचं.

म्हणून केडम्प, म्हणजे पडताना कोअर उतरवून ठेवणारी सोय, आजच तपासा. बूटच्या ओळीत क्रॅशकर्नल दिलंय का, तेवढी मेमरी खरंच राखून ठेवली गेलीये का, व्हार खाली क्रॅश डिरेक्टरीत जागा आहे का. आणि मेंटेनन्स विंडोमध्ये सिसआरक्यूच्या ट्रिगरला सी लिहून मशीन मुद्दाम पाडून बघा की कोअर पडतोय का. सर्व्हिस ॲक्टिव्ह दाखवते एवढ्यावर विसंबू नका, मी कितीतरी ठिकाणी बघितलंय की सर्व्हिस हिरवी, आणि ऐन वेळी कोअर उतरवायला सुरू होणाऱ्या दुसऱ्या कर्नलला स्टोरेज कंट्रोलरच सापडला नाही.

सोलापूरकर_डेबियन

मी थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. आमच्या कॉलेजात आणि नंतर दोन कंपन्यांत मी डेबियनवरच (स्वयंसेवकांनी चालवलेलं फुकट लिनक्स) सगळं चालवलंय, कुणालाही एक पैसा दिला नाही. बग सापडला की डेबियनच्या ट्रॅकरवर टाकायचा, कर्नलच्या मेलिंग लिस्टवर लिहायचं, आणि ज्यानं तो कोड लिहिलाय तोच माणूस उत्तर देतो. ही गोष्ट जगात दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे सांगा? व्हेंडरच्या पहिल्या फळीशी चार दिवस मेल मेल खेळण्यापेक्षा हे मला कधीही जास्त प्रामाणिक वाटतं. आणि एंटरप्राइझ कर्नल म्हणजे काय तर तुमच्या सेंटओएस ७ चा ३.१०! २०१३ चा कर्नल २०२४ पर्यंत! सिक्युरिटी स्कॅनर लावला की शेकड्यानं लाल ओळी येतात. त्यापेक्षा ताजा स्थिर कर्नल घ्या ना.

पॅचपेरणी

म्युनिकहून लिहितोय, कर्नलच्या एका सबसिस्टिममध्ये रोजचं काम आहे. सोलापूरकर म्हणतायत त्यात तथ्य आहे, लिस्टवर खरंच लेखकच उत्तर देतो आणि ते फार मोलाचं आहे. फक्त त्याचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं, ताज्या कर्नलवर हे पुन्हा घडवून दाखवा. बँकेचा डेटाबेस सर्व्हर आज रात्री ताज्या कर्नलवर नेणं वारणाकाठ यांना जमणार आहे का? नाही. ३.१० घेऊन लिस्टवर गेलं तर कुणी बघणारच नाही, आणि त्यात उद्धटपणा नाही, त्या माणसाच्या समोर तो कोड शिल्लकच नसतो.

ग्रेग क्रोआ-हार्टमन स्वतः स्टेबल कर्नल सांभाळतात, त्यांचाही जाहीर सल्ला असाच आहे की तुमच्या डिस्ट्रोनं (रेड हॅट, डेबियन असं तयार लिनक्स देणाऱ्यानं) सपोर्ट केलेला कर्नल आधी, मग ताजा स्टेबल, मग ताजा एलटीएस (जास्त वर्षं सांभाळला जाणारा कर्नल). ज्यांच्याकडे कर्नल समजणारी माणसं घरात आहेत त्यांनी सोलापूरकरांच्या वाटेनं जरूर जावं. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी ती माणसं भाड्यानं घ्यायची, सबस्क्रिप्शन म्हणजे तेच.

आता ३.१० बद्दल. मूळ ३.१० जून २०१३ चा, रेड हॅटनं त्यावरचं आरएचईएल ७ (सेंटओएस ७ याचीच नक्कल) जून २०१४ मध्ये काढलं, अपस्ट्रीमनं ३.१० चा एलटीएस नोव्हेंबर २०१७ मध्ये बंद केला, आणि व्हेंडरनं तो पुढे जून २०२४ पर्यंत ओढला. म्हणजे शेवटची साडेसहा वर्षं ते काम निव्वळ व्हेंडरच्या माणसांनी केलं. आकडा ३.१० च राहिला पण आतला कोड तो राहिलेला नाही, नंतरच्या कर्नलमधून ड्रायव्हर, फाइलसिस्टिमच्या दुरुस्त्या, सिक्युरिटीचे पॅच असं हजारोंनी आत आलंय. स्कॅनर नुसता आकडा वाचून लाल करत असेल तर तो स्कॅनर नीट लावलेला नाही. व्हेंडर ओव्हल फाइली देतो, कुठला सीव्हीई (सिक्युरिटीच्या त्रुटीचा क्रमांक) कुठल्या बिल्डला बंद झाला ते त्यात असतं, ऑडिटरला ते दाखवायचं.

बॅकपोर्ट हे अत्यंत जोखमीचं काम आहे, त्याचं एक उदाहरण देतो, तेही डेबियनचंच. डिसेंबर २०२३ मध्ये ६.१.६४ कर्नलमध्ये ईएक्सटी४ या फाइलसिस्टिमचा एक पॅच मागे आणला गेला, पण तो ज्या दुसऱ्या बदलावर अवलंबून होता तो ६.१ मध्ये नव्हताच. पॅच स्वतः बरोबर, नव्या कर्नलमध्ये व्यवस्थित चालणारा, पण जुन्या घरात आला आणि डेटा बिघडायला लागला. डेबियननं १२.३ च्या इमेजेस थांबवल्या आणि लगेच ६.१.६६ घेऊन १२.४ काढलं. त्यांनी ते ज्या वेगानं आणि उघडपणे हाताळलं त्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण मुद्दा असा की जुना कर्नल जिवंत ठेवायचा तर प्रत्येक पॅचच्या मागे कोण कोण उभं आहे हे जाणणारा माणूस लागतो, आणि तो पूर्ण वेळ लागतो.

त्यात फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलची टीम स्वतःच सीव्हीई क्रमांक द्यायला लागली, तेव्हापासून ते हजारोंच्या संख्येत येतात. त्यातला कुठला तुमच्या कॉन्फिगला लागू आहे हे चाळायचं कुणी?

ठाणे_टेलिकॉम

नॉलेजबेसचा मुद्दा वर आला त्यावर अनुमोदन, आणि एक जुनी पण अगदी खरी गोष्ट लिहितो कारण नव्या पोरांना माहीत नसते. २.६.३२ च्या काळात काही कर्नल बरोबर २०८.५ दिवस चालले की पडायचे. २०८.५ का? शेड्युलरचं घड्याळ प्रोसेसरच्या सायकल मोजून त्याचे नॅनोसेकंद करायचं, त्या गुणाकारात ६४ बिटांतले १० बिट खर्ची पडायचे, उरले ५४. दोनाचा ५४ वा घात इतके नॅनोसेकंद म्हणजे २०८.५ दिवस. तिथे आकडा उलटायचा आणि कर्नल गोंधळायचा.

आता विचार करा, टेलिकॉममध्ये किंवा बँकेत मेंटेनन्स विंडोत सगळी मशीनं एकाच रात्री रिबूट होतात. म्हणजे पडायची वेळही सगळ्यांची एकच, क्लस्टरचे दोन्ही नोड मागोमाग. ज्या पहिल्या ग्राहकाचा कोअर व्हेंडरकडे गेला त्याच्यामुळे बाकी सगळ्यांना आधीच सूचना गेली, अमुक बिल्डवर असाल तर इतक्या दिवसांच्या आत अपडेट करा. स्वतःच्या बळावर हे शोधायचं म्हणजे एकदा पडल्यावर परत सात महिने थांबायचं.

लीप सेकंदही तसाच. ३० जून २०१२ ला यूटीसीच्या मध्यरात्री एक सेकंद वाढवला, आपल्याकडे १ जुलैची पहाट, साडेपाच, रविवार. कर्नलचे टायमर आणि घड्याळ यांच्यात एका सेकंदाचा फरक पडला, सेकंदापेक्षा कमी वेळ झोपायला जाणारा प्रत्येक थ्रेड लगेच जागा व्हायचा, जावा आणि मायएसक्यूएल चालणारी मशीनं जगभर १०० टक्के सीपीयूवर. उपाय काय तर डेट कमांडनं आहे तीच वेळ पुन्हा सेट करायची. एक ओळ! पण त्या पहाटे ती एक ओळ सांगणारा फोनवर असणं म्हणजेच सपोर्ट.

चाकण_लाइन३

धागा सर्व्हरचा आहे पण मी एम्बेडेडमधली, आमच्याकडची स्थिती लिहिते कारण तिथे व्हेंडर सपोर्ट या शब्दाचा अर्थच वेगळा होतो.

आम्ही कारखान्यांसाठी कंट्रोलर बनवतो. चिपवाली कंपनी बोर्डाबरोबर बीएसपी देते, म्हणजे तिनं हवा तसा बदललेला कर्नल, अपस्ट्रीमपासून हजारो पॅच लांब. चिप नवी असेपर्यंत फोन उचलला जातो. तीन वर्षांनी त्या कंपनीचं लक्ष पुढच्या चिपवर, आणि आमचा कंट्रोलर मात्र लाइनवर पंधरा वर्षं बसणार असतो. इथर्नेट ड्रायव्हरमध्ये हँग मिळाला, कोअर पाठवला, ट्रेस पाठवला, उत्तर आलं नवीन बीएसपीवर जा. नवीन बीएसपी त्या चिपला येतच नाही.

आता म्हणून आम्ही खरेदीच्या वेळीच बघतो की चिपचा कोड मेनलाइन (मूळ) कर्नलमध्ये कितपत गेलाय. ज्याचे ड्रायव्हर अपस्ट्रीम आहेत त्याला जगभरचे लोक सांभाळतात, ज्याचे नाहीत त्याला फक्त ती कंपनी, आणि तीही तिची मर्जी असेल तोवर. ही अट टेंडरमध्ये लिहून घ्या हे मी अगदी कळकळीनं सांगते. दुसरं म्हणजे लिनक्स फाउंडेशनखाली २०१६ पासून सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म म्हणून प्रकल्प चालू आहे, सीमेन्स, तोशिबा, हिताची, रेनेसास असे लोक एकत्र येऊन निवडक कर्नल दहा वर्षं सांभाळतात, ४.४ पासून सुरुवात केली. अपस्ट्रीमनं २०२३ मध्ये सांगितलं की एलटीएस सहा वर्षांवरून दोन वर्षांवर आणतोय, सांभाळणारी माणसं दमलीत आणि इतके जुने कर्नल वापरणारे फार थोडे. तेव्हापासून हा प्रकल्प आमच्यासाठी अजूनच महत्त्वाचा झालाय. रेल्वे, वीज, पाणीपुरवठा, यात काम करणाऱ्या इथल्या कुणाला माहीत नसेल तर नक्की बघा.

वारणाकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. केडम्प तपासला. ज्यांनी मूळ इन्स्टॉलेशन करून दिलं त्यांनी क्रॅशकर्नल दिलंच नव्हतं, ते आता घातलंय आणि स्टँडबायवर मुद्दाम पाडून कोअर मिळवला, छान पडला. यूनेम (कर्नलची आवृत्ती सांगणारी कमांड) ३.१०.०-११६० दाखवतंय. मात्र प्रॉकखालची टेन्टेड फाइल बघितली तर शून्य अपेक्षित असताना १२२८९ आलंय. हे काय प्रकरण?

मगरपट्टा_नाइटशिफ्ट

शाब्बास, स्टँडबायवर पाडून बघितलंत हे फार चांगलं केलंत.

टेंट म्हणजे कर्नलमध्ये परकं काही शिरल्याची खूण, आणि १२२८९ म्हणजे १ अधिक ४०९६ अधिक ८१९२. पहिला पी, प्रोप्रायटरी मॉड्यूल (कर्नलला जोडलेला बंद सोर्सचा तुकडा). दुसरा ओ, कर्नलच्या झाडाबाहेरचं मॉड्यूल. तिसरा ई, सही नसलेलं मॉड्यूल. पॅनिकच्या लॉगमध्येही टेन्टेडपुढे ही अक्षरं छापलेली असतात, आमची नजर आधी तिथेच जायची. प्रॉकमधली मॉड्यूल्स फाइल बघा, ज्या ओळीच्या शेवटी कंसात ही तीन अक्षरं असतील तो तुमचा पाहुणा. बहुतेक अँटीव्हायरसचा एजंट, बॅकअपचा स्नॅपशॉट ड्रायव्हर किंवा स्टोरेजचं मल्टिपाथ असं काहीतरी निघेल.

टेंट असला म्हणजे व्हेंडर केस घेत नाही असं नाही, हा गैरसमज खूप आहे. घेतो, पण बॅकट्रेसमध्ये ते मॉड्यूल दिसलं तर म्हणतो की हे काढून पुन्हा घडवून दाखवा, नाहीतर मॉड्यूलवाल्याला बोलवा. त्या मॉड्यूलचा सोर्स त्याच्याकडे नसतोच, तो वाचणार काय? म्हणून सबस्क्रिप्शन घ्यायच्या आधी या मॉड्यूलवाल्याकडून लेखी घ्या की नव्या कर्नलच्या किती दिवसांत तो आपलं मॉड्यूल देणार आणि संयुक्त केस चालवायला तयार आहे का. तुमच्या डेटाबेस मशीनवर ते खरंच लागतं का हाही प्रश्न विचारा. माझ्या अनुभवात जिथे टेंट शून्य तिथे केस निम्म्या वेळात सुटायची.

सोलापूरकर_डेबियन

पॅचपेरणी आणि नाइटशिफ्ट, तुमचं म्हणणं पटलं, बँकेच्या संदर्भात तरी. पण मग अल्मा, रॉकी या सेंटओएसच्या जागी आलेल्या नकलांचं काय? तेच पॅकेज, फुकट. २०२३ नंतर ते कितपत भरवशाचे राहिलेत?

पॅचपेरणी

थोडा इतिहास बघावा लागेल. रेड हॅटनं २०११ मध्ये आरएचईएल ६ च्या कर्नलचे पॅच सुटे द्यायचं थांबवून एकच गठ्ठा द्यायला सुरुवात केली, कारण दुसऱ्या कंपन्या त्याच कर्नलवर स्वतःचा सपोर्ट विकत होत्या. ओरॅकल तर रेड हॅटच्या लिनक्सवर असा सपोर्ट २००६ पासूनच विकत होती. मग डिसेंबर २०२० ला सेंटओएस ८ लवकर बंद करायची घोषणा झाली, २०२१ अखेर ते बंद झालं, आणि जून २०२३ मध्ये आरएचईएलचा सोर्स सार्वजनिक द्यायचं थांबलं, उघड्यावर राहिलं ते सेंटओएस स्ट्रीम, जिथे आरएचईएलच्या पुढच्या आवृत्तीची तयारी चालते. जीपीएल, म्हणजे कर्नलचा परवाना, ज्याला बायनरी दिली त्याला सोर्स द्या असं सांगते, साऱ्या जगाला द्या असं सांगत नाही. मला व्यक्तिशः हा निर्णय आवडलेला नाही, समाजाचं नुकसान झालं असं माझं ठाम मत आहे. त्यानंतर अल्मानं एकास एक नक्कल सोडून एबीआय (म्हणजे तेच प्रोग्रॅम न बदलता चालतील एवढं) जुळवून घ्यायचं ठरवलं, आणि ओरॅकल, सुसे, सीआयक्यू (रॉकीमागची कंपनी) यांनी मिळून ऑगस्ट २०२३ मध्ये ओपनईएलए ही संघटना काढली.

वेब, फाइल सर्व्हर, मॉनिटरिंग यासाठी अल्मा किंवा रॉकी बिनधास्त वापरा, पॅच वेळेवर येतात. पण डेटाबेसवाला त्याच्या सर्टिफाइड यादीवर बोट ठेवतो तेव्हा उपयोग होत नाही, आणि कोअर वाचणारा माणूस हवा असेल तर तो क्लोनलाही वेगळ्या कंपनीकडून पैसे देऊनच घ्यावा लागतो. तसं घेणार असाल तर एकच विचारा, तुमच्या टीमचे किती पॅच अपस्ट्रीम कर्नलमध्ये गेलेत? गिटमध्ये इतिहास उघडा आहे, कंपनीच्या मेल डोमेननं शोधलं की दिसतं. ज्यांचं नाव तिथे नाही ते तुमचा बग पुढे ढकलण्यापलीकडे फारसं काही करू शकणार नाहीत.

नाशिक_सिसॲडमिन

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. व्हीएमकोअर म्हणजे मेमरी म्हणता, मग बँकेच्या डेटाबेस सर्व्हरच्या मेमरीत खातेदारांची माहिती असणारच. ती फाइल बाहेर पाठवायची? आमच्याकडे कंप्लायन्सनं याच मुद्द्यावर केस अडवली होती आणि ते योग्यच होतं.

मगरपट्टा_नाइटशिफ्ट

ताई, फार नेमका प्रश्न विचारलात. केडम्पच्या कॉन्फिगमध्ये मेकडम्पफाइलची ओळ असते, तिथे डम्प लेव्हल ३१ ठेवायची. मग शून्य पानं, कॅशची पानं, यूजर प्रोसेसची पानं आणि मोकळी पानं गाळली जातात, राहते ती मुख्यतः कर्नलची स्वतःची मेमरी. शेकडो जीबी रॅमचा कोअर त्यामुळे काही जीबीवर येतो. तरीही नेटवर्क बफरमध्ये एखादा तुकडा राहू शकतो, त्यामुळे कंप्लायन्सला "काहीच जात नाही" असं सांगू नका. त्यांना चालत नसेल तर दुसरा मार्ग आहे, तुमच्याच आवारात वेगळ्या मशीनवर क्रॅश आणि डीबगइन्फो टाकायचं, स्क्रीन शेअरवर इंजिनिअर सांगेल त्या कमांड तुम्ही चालवायच्या आणि फक्त आउटपुट पाठवायचं. वेळ जास्त लागतो पण होतं. करार करतानाच हे लिहून घ्या, रात्री दोनला यावर चर्चा नको.

वारणाकाठ (धागाकर्ता)

कळलं. लेव्हल ३१ आजच लावतो.

सध्या असं ठरवतोय, डेटाबेसची जोडी आणि स्विचचा सर्व्हर एवढ्यांनाच पूर्ण सबस्क्रिप्शन, चोवीस तासांचं, बाकीचं हळूहळू अल्मा ९ वर कारण त्याला २०३२ पर्यंत पॅच आहेत. डेटाबेसचं लगेच हलणार नाही म्हणून ७ वरच आरएचईएलमध्ये कन्व्हर्ट करून वाढीव मुदतीचा सपोर्ट घ्यायचा, तो २०२८ पर्यंत मिळतोय, त्याआधी नवीन मशीनवर जायचं. पाहुणा मॉड्यूल सापडला, अँटीव्हायरसचाच आहे. त्या कंपनीला नाइटशिफ्ट यांनी सांगितलेले दोन्ही प्रश्न लेखी विचारलेत, उत्तर आलं की इथेच टाकतो.

संचालकांच्या टिपणीत पहिल्या पानावर एक तास म्हणजे उत्तर, दुरुस्ती नव्हे हे घातलंय. कुणाकडं असा करार झालेला असेल आणि त्यात आवारातच कोअर वाचायची अट घातली असेल तर त्या कलमाचा मसुदा, कंपनीचं नाव काढून, व्यनि (खासगी निरोप) करा प्लीज, आमच्या वकिलांना कुठून सुरुवात करावी तेच कळत नाहीये.